गोमोकूचा अज्ञातवास

पांडवांचा अज्ञातवास आणि विदर्भ यांचा संबंध लोकांच्या मनात फार जुना आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावरून भीमाने कीचकास खाली लोटले, ही आख्यायिका अमरावतीकडचा मनुष्य पाहुण्यास सांगितल्यावाचून राहत नाही. परंतु त्या कथेतील खरी गंमत कीचकवधात नसून त्याच्या आधीच्या दिवसांत आहे. भीम बल्लव होऊन राजाची चूल सांभाळीत आहे, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येस नृत्य शिकवीत आहे, आणि धर्मराज तर कंक हे नाव घेऊन प्रत्यक्ष विराटाशीच फासे खेळत बसला आहे. समोर बसलेला गडी कोण, हे विराटाला ठाऊक नाही. तो डाव मांडतो आणि डाव उचलतो, एवढेच.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वर्धा जिल्ह्यातील कित्येक घरांत असाच एक पाहुणा येऊन राहिला आणि ओळख न देता निघून गेला. तो मनुष्य नव्हता. तो एक खेळ होता.

१९९१ नंतर देशातील बाजारपेठा खुल्या होऊ लागल्या, आणि दूरचित्रवाणीच्या संचास जोडावयाची खेळयंत्रे मध्यम स्थितीतील कुटुंबांच्या आटोक्यात आली. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील मुलांचे वडील नागपुरास कामानिमित्त गेले, की सीताबर्डीवरून असले यंत्र घेऊन यावे, असा हट्ट घरोघर सुरू झाला. लोक त्यास सरसकट 'व्हिडिओ गेम' म्हणत. यंत्रालाही तेच नाव आणि त्यातील खेळालाही तेच. 'फॅमिकॉम' नावाच्या एका जपानी यंत्राच्या या परवानगीवाचून केलेल्या नकला होत्या. कित्येकांचा तांबडा-पांढरा रंगसुद्धा मुळावरून उचललेला होता. खेळ ज्या चपट्या डबीत साठविलेले असत तिला मुले कॅसेट म्हणत. कॅसेट चालेनाशी झाली, की ती उपसून तिच्या तोंडात जोराने फुंकर मारावयाची आणि पुन्हा खोचावयाची. हा उपचार कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता. तरी वर्ध्यापासून मुंबईपर्यंतच्या यच्चयावत् मुलांस तो मुखोद्गत होता.

त्या कॅसेटीच्या वेष्टनावर '९९९९ खेळ' असे छापलेले असे. तो आकडा पाहून वडीलधारी मंडळी चकित होत. मुले मात्र दोन दिवसांत शहाणी होत. मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा त्या यादीत घातलेले असत. कोणी भिंतीवरून उड्या मारी, कोणी रणगाडे उडवी, कोणी बदकांवर नेम धरी. या गर्दीत काही कॅसेटींमध्ये एक नाव असे: गोमोकू. त्यावर कळ दाबली, की पडद्यावर उभ्याआडव्या रेघांची एक जाळी येई आणि काही घडत नसे. कोणी धावत नसे, कोणी मरत नसे. मुलगा क्वचित एखादी सोंगटी मांडी. यंत्र तिच्या शेजारी दुसऱ्या रंगाची सोंगटी ठेवी. थोड्या वेळाने यंत्र जिंकल्याचे जाहीर होई, आणि ते कशाने जिंकले हे त्या मुलास कळत नसे. सूचना असत त्या जपानीत. मग तो कंटाळून पुन्हा रणगाड्यांकडे वळे.

वस्तुतः जपान हा देश वर्ध्यास अपरिचित नव्हे. १९३३ सालच्या ऑक्टोबरात निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले. पुढे सर्व देश त्यांना फुजी गुरुजी म्हणून ओळखू लागला. त्यांच्या परंपरेतील भिक्षू सेवाग्रामास राहिले, आणि त्यांच्या हातातील डफासारखे वाद्य व त्यांचा जपानी मंत्र यांना आश्रमाच्या प्रार्थनेत स्थान मिळाले. वर्ध्यास गीताई मंदिराजवळ जो शुभ्र विश्वशांती स्तूप उभा आहे, तो याच ओळखीचे फळ होय. हे सारे आले ते आपले नाव सांगत आणि अर्थ समजावीत आले. गोमोकूजवळ समजावून सांगणारा कोणी नव्हता. म्हणून तो खेळ कोण आणि कोठला, हे आता तरी सांगितले पाहिजे.

जपानी भाषेत 'गो' म्हणजे पाच, 'मोकू' म्हणजे पटावरील ठिकाण आणि 'नराबे' म्हणजे ओळीने मांडणे. 'गोमोकू-नराबे' याचा सरळ अर्थ 'पाच ओळीत मांडणे' एवढाच. त्या देशात काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा 'गो' नावाचा एक अतिशय खोल खेळ प्राचीन काळी चीनमधून आला. (या नावातील 'गो'चा पाच या संख्येशी संबंध नाही, उच्चार तेवढा एक आहे.) त्याच पटावर, त्याच सोंगट्यांनी, ज्यांना तो अवघड खेळ झेपत नाही त्यांनी खेळावयाचा हा सोपा खेळ. दोघांनी आळीपाळीने एकेक सोंगटी रेघांच्या छेदावर ठेवावयाची; एकदा ठेविलेली सोंगटी हलवावयाची नाही, उचलावयाची नाही. ज्याच्या पाच सोंगट्या उभ्या, आडव्या किंवा तिरप्या सरळ रेषेत लागोपाठ येतील तो जिंकला. पाटीवर फुली-गोळा खेळलेल्या कोणत्याही मुलास हा नियम अर्ध्या मिनिटात समजावा.

या घरगुती खेळास प्रतिष्ठा मिळाली ती १८९९ साली. 'योरोझु चोहो' या वृत्तपत्राचे संस्थापक कुरोइवा रुइको यांनी त्याचा पुरस्कार केला, आणि त्याच पत्रातून त्यास 'रेंजू' हे सुंदर नाव मिळाले. 'रेन' म्हणजे जोडलेले आणि 'जू' म्हणजे मोती. रेंजू म्हणजे मोत्यांचा सर. वृत्तपत्राच्या संपादकाने राजकारणाच्या धामधुमीत आजोबांच्या ओसरीवरील एका खेळासाठी जागा काढावी, ही गोष्ट त्या समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

योगायोग असा, की त्याच्या दहा वर्षे आधी, १८८९ साली, क्योतो नगरात फुसाजिरो यामाउची या गृहस्थाने पत्ते तयार करण्याचा एक कारखाना काढला होता. ते पत्ते आपल्याकडील पत्त्यांसारखे नव्हत. 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते: वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक फूल वा झाड आणि प्रत्येकाची चार पाने, अशी एकूण ४८ पाने. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ज्यांनी पाहिली असेल त्यांना, दहा अवतारांची बारा-बारा मिळून १२० गोल पाने आठवून, या कल्पनेचे मर्म तात्काळ ध्यानात येईल. सावंतवाडीचे चितारी आपल्या कलेसह जागच्या जागी राहिले आणि क्योतोचा कारखाना मात्र वाढत गेला. त्याचे नाव निन्तेन्दो. याच संस्थेने १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येन किमतीस फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणले.

त्या दिवशी यंत्राबरोबर तीन खेळ विक्रीस आले. तिन्ही धावण्या-चढण्याचे. सहा आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, आणखी दोन आले: एक माजाँग, म्हणजे चार जणांनी टेबलाभोवती बसून खेळावयाचा सोंगट्यांचा मूळचा चिनी खेळ, आणि दुसरा 'गोमोकू नराबे रेंजू'. याचा अर्थ असा, की त्या संस्थेने आपल्या यंत्रासाठी जे पहिले पाच खेळ विकले त्यांपैकी दोन घरातील वडीलधाऱ्यांच्या ओळखीचे होते. मुलांसाठी यंत्र घ्यावयाचे, पण पैसे वडिलांनी द्यावयाचे, हे व्यापारी सत्य यामागे नसेलच असे नाही. तथापि हेतू काहीही असो. ज्या पडद्यावर माकड पिंपे फेकीत होते, त्याच पडद्यावर सहा आठवड्यांत आजोबांचा पट मांडला गेला. पुढे ते यंत्र जगभर मिळून सहा कोटींहून अधिक खपले.

आता यंत्र हा खेळ खेळते कसे, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्यातच त्या मुलाच्या पराभवाचे कारण दडलेले आहे. रेंजूचा पट पंधरा उभ्या व पंधरा आडव्या रेघांचा; म्हणजे छेद २२५. प्रत्येक छेद रिकामा, काळा किंवा पांढरा. फॅमिकॉमची कामकाजाची स्मृती अवघी दोन किलोबाइट, म्हणजे २,०४८ अक्षरे मावतील एवढी पाटी. एका छेदास एक अक्षर दिले तरी सगळा पट तिच्या नवव्या हिश्श्यात बसतो. मेंदू म्हणावा तर सेकंदास सुमारे अठरा लक्ष ठोके देणारा. आजच्या साध्या भ्रमणध्वनीपुढे हे सामर्थ्य म्हणजे समईपुढे काजवा.

एवढ्या तोकड्या सामग्रीस पुढचे वीस डाव पाहणे शक्य नसते. पण या खेळात त्याची तितकीशी गरज पडत नाही. एका ओळीत तीन सोंगट्या झाल्या आणि तिची दोन्ही टोके मोकळी असली, तर त्यास मोकळे त्रिक म्हणू. त्याकडे प्रतिपक्षाने दुर्लक्ष केले, तर पुढच्या खेपेस त्याचे मोकळे चतुष्क होते. आणि मोकळ्या चतुष्काचे एक टोक अडविले तरी दुसऱ्या टोकास पाचवी सोंगटी बसतेच. म्हणजे त्रिक दिसताच अडविले पाहिजे. चतुष्क झाल्यावर अडविणे म्हणजे चोर पळून गेल्यावर कडी घालणे. असे खेळ लिहिणारा मनुष्य यंत्रास एवढेच शिकवितो, की प्रत्येक रिकाम्या छेदास गुण दे. तेथे सोंगटी ठेविल्याने आपले चतुष्क होते काय? शत्रूचे मोडते काय? आपले त्रिक होते काय? ज्यास सर्वाधिक गुण, तेथे सोंगटी ठेव. परीक्षकाने पेपर तपासावा त्याप्रमाणे हे काम आहे: त्यात प्रतिभा लागत नाही, कंटाळा न येणे तेवढे लागते. आणि यंत्रास कंटाळा येत नाही.

मुलगा एका ओळीकडे पाहत असतो. यंत्र चारही दिशा पाहते. खरा घाव तर याहून सूक्ष्म आहे. एकच सोंगटी अशा ठिकाणी ठेवावयाची, की तिच्यामुळे एक आडवे त्रिक आणि एक तिरपे त्रिक अशी दोन मोकळी त्रिके एकाच क्षणी उत्पन्न व्हावी. प्रतिपक्षास खेळी एकच आहे. तो एक अडवील, तोवर दुसरे वाढेल. अभिमन्यू एका बाजूचा वार ढालीवर घेतो तोच दुसऱ्या बाजूने वार यावा, अशी ती स्थिती. दोन आघाड्या एका खेळीत उघडणे, हेच या खेळाचे सर्व मर्म. आणि ज्यास ते कळले नाही त्याला आपण का हरलो हे कधीच कळत नाही. वर्ध्याच्या त्या मुलाचे हेच झाले. तो मंदबुद्धी नव्हता. त्याला कोणी एक वाक्य सांगितले नव्हते.

येथवर आल्यावर एक प्रश्न उभा राहतो, आणि तो निव्वळ खेळाचा नाही. दुहेरी वार करण्याची संधी आधी कोणाला मिळणार? जो प्रथम खेळतो त्याला. काळ्या सोंगट्यांचा खेळाडू आरंभ करतो; तो सतत एक पाऊल पुढे असतो आणि पांढरा सतत अडवीत राहतो. जपानी खेळाडूंना हे अनुभवाने केव्हाच कळून चुकले होते. गणिताने ते सिद्ध झाले पुष्कळ नंतर. व्हिक्टर ॲलिस या डच संशोधकाने १९९४ सालच्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की पंधरा रेघांच्या पटावर काही निर्बंध न घालता हा खेळ खेळला आणि काळ्याने चूक केली नाही, तर काळा जिंकतोच. पांढऱ्याने बुद्धीची शर्थ केली तरी उपयोग नाही. पहिल्या सोंगटीबरोबरच निकाल लागलेला असतो. फक्त तो दोघांनाही दिसत नसतो, म्हणून खेळ रंगतो.

रेंजूच्या पुरस्कर्त्यांनी यावर जो उपाय केला तो मोठा विचार करण्यासारखा आहे. दुर्बळास अधिक सोंगट्या द्याव्या, हा झाला सामान्य उपाय. त्यांनी तसे न करता बलवानाचे हात बांधले. काळ्याने एका खेळीत दोन मोकळी त्रिके करावयाची नाहीत. एका खेळीत दोन चतुष्के करावयाची नाहीत. आणि पाचाऐवजी सहा किंवा अधिक सोंगट्यांची ओळ करावयाची नाही. पांढऱ्यास हे सर्व मोकळे. त्याने दुहेरी वार करावा, षट्क करावे; ते त्याचे पंचकच समजले जाते. याचा एक मासलेवाईक परिणाम झाला. पांढऱ्याच्या हाती एक नवे शस्त्र आले. तो असा काही पेच टाकतो, की काळ्यास स्वतःचा बचाव करण्यासाठी नेमक्या त्याच ठिकाणी सोंगटी ठेवावी लागावी जे त्यास निषिद्ध आहे. तेथे ठेविली तर नियमभंगाने हरला, न ठेविली तर शत्रूच्या पंचकाने हरला. बंधन हेच दुसऱ्याचे बळ झाले. तरीही काळ्याचे पारडे जड राहिलेच, असे हंगेरीच्या वाग्नर आणि विराग या दोघांनी २००१ साली दाखविले; म्हणून स्पर्धांमध्ये आरंभीच्या सोंगट्या कशा मांडाव्या याचे आणखी नियम करावे लागले. आंतरराष्ट्रीय रेंजू संघाची स्थापना १९८८ साली स्टॉकहोम येथे झाली आणि पुढच्याच वर्षी क्योतोस पहिले जागतिक अजिंक्यपद खेळले गेले. नियम मात्र आजही थोडेथोडे बदलत असतात. न्याय्य पट मांडणे, हा पट जिंकण्याहून अवघड उद्योग दिसतो.

आता पुन्हा वर्ध्यातील त्या घराकडे वळू. मुलगा कंटाळून गोमोकूवरून उठला, त्या वेळी माजघराच्या दारात त्याची आजी गहू निवडीत बसली असेल. पडद्याकडे तिचे लक्ष नव्हते. तो तिच्या दृष्टीने डोळे बिघडविणारा एक डबा होता. परंतु तिला जर कोणी विचारले असते, 'आजी, दोन रंगांच्या सोंगट्या आळीपाळीने ठेवून ओळ करावयाची असा एखादा खेळ तुला येतो काय?' तर बहुधा तिने सूप बाजूस सारून, कोळशाने फरशीवर एकात एक असे तीन चौरस काढले असते, प्रत्येक बाजूच्या मध्यावरून आतपर्यंत एकेक रेघ ओढली असती आणि म्हटले असते, 'ही घे नवकंकरी.'

नवकंकरी म्हणजे नऊ कंकर, नऊ खडे. पटावर ठिकाणे २४, गडी दोन, प्रत्येकाचे खडे नऊ. आळीपाळीने खडे मांडावयाचे. तीन खडे एका रेघेत आले, की प्रतिपक्षाचा एक खडा उचलावयाचा. सगळे खडे मांडून झाले म्हणजे ते रेघांवरून शेजारच्या रिकाम्या ठिकाणी सरकवावयाचे आणि पुन्हा तिघांची ओळ साधावयाची. ज्याच्यापाशी दोनच खडे उरले तो हरला. या खेळाचे पट महाराष्ट्रात लेण्यांच्या आणि देवळांच्या दगडी फरशांवर कोरलेले आढळतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतही अभ्यासकांना असे पट दिसले आहेत. हा खेळ केवळ आपला असेही नाही. शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम' नाटकात पावसाने शेतीची दैना झाल्याचे वर्णन करताना याच खेळाचा गवतात आखलेला पट चिखलाने भरून गेल्याचा उल्लेख आहे. म्हणजे इंग्लंडातील गुराखी आणि सह्याद्रीतील वाटसरू एकच पट आखीत होते.

या नवकंकरीचाही गणिती निवाडा झालेला आहे, आणि तो ऐकण्याजोगा आहे. झुरिच येथील राल्फ गासर या संशोधकाने १९९३ साली संगणकाच्या साहाय्याने तिचा छडा लावला. त्याची रीत उलटी होती. आरंभापासून पुढे जाण्याऐवजी, ज्या स्थितीत एक पक्ष निश्चित हरलेला आहे तेथून एकेक पाऊल मागे येत त्याने साडेसात अब्जांहून अधिक स्थिती तपासल्या. निष्कर्ष असा, की दोन्ही गड्यांनी चूक केली नाही तर नवकंकरी बरोबरीत सुटते. प्रथम खेळणाऱ्यास येथे तसा निर्णायक लाभ नाही. कोणाचेही हात बांधावे लागत नाहीत. ज्या गुणासाठी जपानी खेळाडू शंभर वर्षे नियमांवर नियम रचीत आले, तो आजीच्या कोळशाने काढलेल्या तीन चौरसांत मुळातच होता. हा पट कोणी, केव्हा आणि किती पिढ्यांच्या चुका सुधारीत बसविला, याचे श्रेय घेण्यास आज कोणी उभा नाही.

यावरून आपलाच खेळ थोर, असा डिंडिम वाजविण्याचे मात्र कारण नाही. बरोबरीत सुटणारा खेळ न्याय्य खरा, पण फुली-गोळाही बरोबरीतच सुटतो, आणि दहा वर्षांचे मूल त्यास विटते. गोमोकूत न्याय कमी, पण आक्रमणाचा आवेश आणि दूरवरचे पेच अधिक. दोन्ही खेळ सख्खे नव्हेत, तरी एकाच गोतातले आहेत. आणि दुःख एवढेच, की एका छपराखाली दोघे असताना त्यांची भेट झाली नाही. यंत्रातील खेळास भाषा नव्हती आणि आजीस यंत्र नव्हते. त्यांच्यामध्ये जो मुलगा बसला होता, त्याला दोहोंतील एकही नीट आला नाही.

येथे कोणी म्हणेल, की यंत्र आल्यामुळेच ओसरीवरचे पट मेले. हा आरोप न्यायाचा वाटत नाही. सारीपाट, वाघबकरी, नवकंकरी ही मंडळी ओसरी सुटू लागली तेव्हाच मागे पडली. चाळीतील दोन खोल्यांत आणि शाळा-शिकवणीच्या वेळापत्रकात त्यांना जागा उरली नव्हती. खेळयंत्र घरात शिरले ते मोकळ्या झालेल्या जागेत. उलट जपानचे उदाहरण असे दाखविते, की यंत्र हे जुन्या खेळाचे वाहन होऊ शकते, मात्र कोणी तरी त्यास आत बसवावे लागते. आपल्याकडे त्या वेळी यंत्रे आली ती तयार, दुसऱ्यांच्या खेळांनी भरलेली. आणि रिकामी डबी आपल्या हाती येऊन तीत काय घालावे असा प्रश्नच कोणासमोर उभा राहिला नाही.

अर्थात सर्वच खेळ डबीत मावत नाहीत. ज्या 'गो'च्या पटावर गोमोकू जन्मास आले, त्या थोरल्या खेळाचे छेद ३६१, आणि तेथे गुण देण्याची साधी युक्ती चालत नाही. निन्तेन्दोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची हे स्वतः 'गो'चे मोठे शौकीन होते. तरीही फॅमिकॉमवर १९८७ साली हेंक रॉजर्स या डच उद्योजकाच्या संस्थेने जो 'गो' आणला तो अवघ्या नऊ रेघांच्या लहान पटाचा होता. यंत्राची पोच तेवढीच होती. एकोणीस रेघांच्या पूर्ण पटावर कोणत्याही सवलतीवाचून यंत्राने जगातील अग्रगण्य खेळाडूस हरविले ते थेट २०१६ साली, सोल शहरात, जेव्हा 'अल्फागो'ने ली सेडोल यास चार विरुद्ध एक असे जिंकले. धाकटा भाऊ १९८३ साली दोन किलोबाइटांत सुखाने नांदला, आणि थोरल्यास आणखी तेहेतीस वर्षे वाट पाहावी लागली.

फॅमिकॉमचे उत्पादन जपानात २००३ साली बंद झाले. वर्धा जिल्ह्यातील त्याच्या नकला त्याआधीच माळ्यावर गेल्या. तारा तुटल्या, कॅसेटी भंगारवाल्याने वजनावर नेल्या. त्या काळची मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांपैकी एखाद्यास तो रेघांचा रिकामा पट आठवत असेल आणि तेव्हाचा पराभव अजून थोडासा सलत असेल, तर परतफेडीस यंत्राची गरज नाही. त्या खेळात दोन माणसांनी समोरासमोर खेळण्याचीही सोय होती. वर्ध्यात ती फारशी कोणी वापरली नाही, एवढेच.

गणिताच्या चौकटीच्या वहीचे एक पान घ्यावे आणि पंधरा उभ्या, पंधरा आडव्या रेघा मोजून बाकीच्या खोडाव्या. एकाने चिंचोके घ्यावे, दुसऱ्याने धाम नदीच्या काठचे पांढरे खडे. प्रत्येकी साठ पुरतात. त्याहून लांबलेला डाव बहुधा बरोबरीकडे झुकलेला असतो. चिंचोकेवाल्याने मधल्या छेदावर पहिला चिंचोका ठेवावा. तो वयाने मोठा असेल, तर वर सांगितलेली तिन्ही बंधने त्याने पाळावी. लहान असेल, तर पहिले काही दिवस ती न पाळली तरी चालतील. आणि आजी घरात असेल, तर पानाच्या पाठीमागे एकात एक तीन चौरस काढून ठेवावे. त्यासाठी त्याच ढिगातील नऊ खडे आणि नऊ चिंचोके पुरे होतात.